न्यू इन, ग्लॉस्टर: सज्ज्याच्या एका खणाच्या प्रतिकृतीच्या नोंदी

१० मार्च २०१८

इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरातील न्यू इन या लाकडी सांगाड्याच्या जुन्या सराईवर आधारित प्रतिकृतीचे काम आजपासून हाती घेतले आहे. उद्देश मर्यादित आहे. अंगणाकडे तोंड असलेला आणि वरच्या मजल्यावर उघडा सज्जा असलेला इमारतीचा एक खण १:१० प्रमाणात, खऱ्या सांध्यांनिशी उभा करायचा आणि संवर्धनाच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तो हाताने सोडवता व पुन्हा जुळवता येईल अशी व्यवस्था ठेवायची. संपूर्ण इमारतीची प्रतिकृती करण्याचा विचार सोडून दिला, कारण एवढ्या मोठ्या कामात सांधे गोंदाने चिकटवले जातात आणि मग शिकण्यासारखे जे आहे तेच झाकले जाते.

न्यू इन पंधराव्या शतकाच्या मध्याला सेंट पीटर मठासाठी बांधली गेली आणि तिच्या उभारणीचे श्रेय मठातील भिक्षू जॉन ट्वायनिंग याला दिले जाते. १३२७ मध्ये बर्कलीच्या किल्ल्यात मरण पावलेल्या दुसऱ्या एडवर्ड राजाची समाधी याच मठाच्या चर्चमध्ये, म्हणजे आजच्या ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये आहे. तिच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची आणि इतर पाहुण्यांची सोय करणे मठाला आवश्यक होते. सराई हे मठाच्या उत्पन्नाचेही साधन होते, आणि इमारतीकडे पाहताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. येथील जवळजवळ प्रत्येक निर्णय ‘खोल्या किती निघतील आणि त्या वेगवेगळ्या कशा देता येतील’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

२४ मार्च २०१८

ग्लॉस्टरला जाऊन अंगणात बसून रेखाटने केली. नॉर्थगेट स्ट्रीटवरून आत येणारा बोळ गाडी जाईल इतका रुंद आहे आणि तो ओलांडला की चारही बाजूंनी वेढलेले अंगण लागते. रस्त्याकडून या अंगणाची कल्पनाही येत नाही. शेजारच्या न्यू इन लेनच्या तोंडाशी देवदूताची आकृती कोरलेला कोपऱ्याचा खांब आहे. दोन रस्त्यांवरून दिसणारा हा खांब इमारतीची ओळख म्हणूनच कोरला गेला असला पाहिजे.

१५५३ मध्ये लेडी जेन ग्रे राणी झाल्याची घोषणा येथे झाली असे परंपरेने सांगितले जाते आणि येणारे बहुतेक लोक तेवढेच ऐकून जातात. या प्रकल्पाला त्याचा उपयोग नाही. खालच्या कड्या (मजल्याची जमीन पेलणारी आडवी लाकडे) कोणत्या दिशेने जातात, सज्ज्याच्या कडेचा भार कोठे उतरतो, जिना कोठून सुरू होऊन कोणाच्या दारासमोर संपतो, एवढेच टिपून आणले.

८ एप्रिल २०१८

मध्ययुगीन इंग्लिश सरायांचा नकाशांवरून अभ्यास करणारे डब्ल्यू. ए. पँटिन यांनी त्यांचे दोन ढोबळ प्रकार मांडले आहेत. एका प्रकारात मुख्य खोल्या रस्त्याकडच्या एका भरीव इमारतीत असतात आणि मधून मागे जाण्याचा मार्ग काढलेला असतो. ग्रँथमची एंजल, ग्लास्टनबरीची जॉर्ज आणि नॉर्टन सेंट फिलिपची जॉर्ज ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात रस्त्याकडची इमारत तुलनेने अरुंद असते आणि खोल्या मागच्या अंगणाभोवती रांगेने बांधलेल्या असतात. न्यू इन या दुसऱ्या प्रकारचे आज उरलेले सर्वांत पूर्ण उदाहरण मानले जाते.

अंगणाचा प्रकार शहरासाठी का सोयीचा होता हे नकाशा समोर ठेवला की लगेच उमगते. जुन्या शहरांतील जमिनीचे तुकडे रस्त्याच्या बाजूला अरुंद आणि मागे लांब असत. रस्त्यावरील जागा महाग होती, मागची स्वस्त. मागे लांबवर खोल्या बांधायच्या तर त्या खोल्यांत जायचे कसे? एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाण्याची रीत घरात चालते, अनोळखी प्रवाशांच्या सराईत चालत नाही. इमारतीच्या आतून मार्गिका काढायची तर एकाच खोलीइतकी रुंदी असलेल्या या रांगांमध्ये निम्मी जागा तिच्यात जाते आणि खोल्या अंधाऱ्या होतात. म्हणून मार्गिका बाहेर, अंगणावर लटकवली गेली. तोच सज्जा. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार मिळाले, प्रत्येक दार अंगणातून दिसू लागले, आणि मालकाला खाली उभे राहून कोण कोठे जातो यावर लक्ष ठेवता आले.

ही मांडणी फार काळ टिकली. लंडनमध्ये सदर्कची जॉर्ज इन १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधताना, म्हणजे न्यू इननंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, अंगणाभोवतीच्या सज्ज्यांचीच रचना स्वीकारली गेली. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने तिच्या दोन बाजू पाडल्या आणि दक्षिणेची एकच बाजू उरली; सज्जे असलेली लंडनमधील ती शेवटची सराई आज ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. एकच बाजू उरल्याने तेथे सज्जा शोभेचा भाग वाटतो. तीन बाजू समोरासमोर असल्याशिवाय त्याचे खरे काम कळत नाही, आणि म्हणूनच माझ्या अभ्यासाला ग्लॉस्टरचे अंगण हवे होते.

२८ एप्रिल २०१८

खणाची मापे ठरवली. वाड्याचे माप जसे खणांत सांगतात तसेच मध्ययुगीन इंग्लंडमध्येही घर किंवा कोठार इतक्या खणांचे असे सांगत, आणि खांबांच्या दोन आडव्या ओळींमधील अंतर हा त्याचा आधार. मी साडेचार मीटरचा खण घेतला, म्हणजे प्रतिकृतीत ४५ सेंटिमीटर. सांधे त्या काळच्या सर्वसाधारण सुतारकामाप्रमाणे घेणार आहे.

लाकूड ओले ओकच वापरायचे, याबद्दल शंका नव्हती. एका कार्यशाळेतून ताजे तुकडे मिळाले. ओक सुकायला जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष घेतो असा सुतारांचा ठोकताळा आहे, त्यामुळे एक फूट जाडीचा खांब सुकवून मग घडवायचा तर दशकभर थांबावे लागेल. शिवाय सुकलेला ओक पटाशीला दाद देत नाही. म्हणून झाड तोडल्यावर थोड्याच काळात ते तासले जाई आणि इमारत ओल्या लाकडातच उभी राही. ओक लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटतो, आणि ते आटणे वाढीच्या वलयांना समांतर दिशेने त्यांच्या आडव्या दिशेपेक्षा अधिक असते. तीस सेंटिमीटरचा खांब सुकताना सेंटिमीटरहून अधिक रुंदी गमावतो, पीळ खातो, त्याला लांब चिरा पडतात.

जुन्या पबमधील वाकलेल्या तुळया आणि तिरकी दारे पाहून लोक इमारत म्हातारी झाली असे म्हणतात. यातील बरीचशी वाकणी बांधकामानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आलेली असते आणि त्यानंतर शतकानुशतके सांगाडा तसाच स्थिर राहिलेला असतो. हे मी वर्गात आग्रहाने सांगते, कारण तिरकी भिंत सरळ करण्याच्या उत्साहात धडधाकट सांधे उखडले जातात.

झाडेही फार मोठी नसत. जुन्या वनांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधील ग्रंडल हाऊस या घराचे लाकूड मोजले तेव्हा त्यासाठी सुमारे ३३० ओक लागले असा हिशेब निघाला आणि त्यांतील बहुतेक लहान खोडाचे होते. एका लहान झाडापासून एक खांब किंवा एक कडी, झाडाचा गाभा मधोमध ठेवून, कुऱ्हाडीने चौकोनी तासून काढायची. मोठे खोड असेल तरच ते करवतीने उभे चिरायचे. त्यामुळे प्रतिकृतीतही मोठ्या फळीतून पट्ट्या कापण्याऐवजी जमेल तेथे बारीक फांद्यांचा गाभ्यासह वापर करणार आहे.

१२ मे २०१८

आखणीला सुरुवात केली. या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

सांगाड्याची प्रत्येक चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी मांडली जाई. तासलेले लाकूड पूर्ण सरळ कधीच नसते, म्हणून दोन लाकडे एकमेकांवर ठेवून, ओळंबा सोडून, एकाचा आकार दुसऱ्यावर उतरवला जाई आणि त्या जागेपुरताच सांधा कापला जाई. परिणामी कोणतेही कुसू, म्हणजे लाकडाचे खाचेत शिरणारे बारीक केलेले टोक, दुसऱ्या कोणत्याही खाचेत बसत नाही. दोन तिरपे आधार दिसायला जुळे असले तरी त्यांची अदलाबदल करता येत नाही. मग चौकट सुटी करून, गाड्यांवर लादून, जागेवर नेऊन उभी करायची, तर प्रत्येक सांध्यावर खूण हवीच. त्या खुणा रोमन आकड्यांच्या असत, पटाशीने किंवा ओरखडे काढणाऱ्या खास हत्याराने कोरलेल्या. सरळ रेघाच कोराव्या लागत असल्याने चार म्हणजे चार उभ्या रेघा आणि नऊ म्हणजे पाचाच्या खुणेपुढे चार रेघा अशी पद्धत होती, आणि डावी चौकट उजवीपासून वेगळी ओळखण्यासाठी आकड्याला एखादी छोटी शेपटी जोडली जाई.

आडवी मांडलेली असताना वरच्या अंगाला जी बाजू असते तिच्यावरूनच सगळी आखणी होते, म्हणून ती सर्वांत सपाट आणि देखणी ठेवली जाते. लाकडी खुंट्याही तिच्याच बाजूने ठोकतात. उभ्या इमारतीत ही दर्शनी बाजू कोणीकडे आहे हे शोधले की बांधणाऱ्याला कोणती जागा महत्त्वाची वाटत होती हे कळते. रस्त्याकडच्या भिंतीत ती रस्त्याकडे असते, खोल्यांमधल्या भिंतीत बहुधा अधिक मानाच्या खोलीकडे. माझ्या खणात सज्ज्यामागच्या भिंतीची दर्शनी बाजू अंगणाकडे ठेवली आहे. पाहुण्याची पहिली नजर तेथूनच पडते.

२ जून २०१८

१:१० प्रमाणात एक गोष्ट करता येत नाही, आणि ती वगळायची माझी तयारी नव्हती. खाच आणि कुसू यांमधून जाणारे खुंटीचे भोक सरळ एका रेषेत पाडत नाहीत. कुसवातील भोक सुमारे तीन मिलिमीटर खांद्याकडे सरकवलेले असते, त्यामुळे निमुळती खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते आणि सांधा आवळला जातो. लाकूड सुकून आटले तरी ही ओढ टिकते. प्रतिकृतीत हे अंतर एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही कमी होईल, म्हणून खांबाच्या माथ्याचा एक सांधा पूर्ण आकारात करायचे ठरवले.

हा माथ्याचा सांधा इंग्लिश सुतारकामातील अतिशय विचारपूर्वक घडवलेला सांधा आहे. खांब वरच्या टोकाला जाड केलेला असतो. त्यासाठी झाडाचा बुंध्याकडचा रुंद भाग वर येईल असे खोड उलटे उभे करतात. त्या जाड माथ्यावर एकाआड एक दोन कुसवे असतात. बाहेरच्या कुसवावर भिंतीच्या माथ्यावरची लांब तुळई बसते, आतल्यावर खोलीच्या आरपार जाणारी आडवी तुळई, आणि ही आडवी तुळई खालच्या बाजूने डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा टोकाकडे रुंद होणारा काप, कापून लांब तुळईवर चढवलेली असते. छपराचे वासे भिंतींना बाहेर ढकलतात, डव्हटेल त्यांना सुटू देत नाही. तीन लाकडे एकमेकांना धरून ठेवतात आणि लोखंडाचा एक खिळाही लागत नाही. अशा सांध्यांचे वर्गीकरण करून त्यांच्यावरून इमारतींचा काळ ठरवण्याचे मोठे काम सेसिल ह्युएट यांनी केले.

गिरमिटाने भोके पाडून, पटाशीने खाच चौकोनी करून, फाडलेल्या सुक्या ओकच्या खुंट्या ठोकल्या. खुंटी करवतीने न कापता फाडून काढायची, म्हणजे तंतू आरपार अखंड राहतात आणि ती वाकली तरी तुटत नाही.

२३ जून २०१८

या सांध्यातून जुळणीचा क्रम आपोआप ठरतो: आधी खांब, मग लांब तुळई, शेवटी आडवी तुळई. हे कागदावर सोपे दिसते. मधल्या मजल्याची तुळई आली की प्रश्न उभा राहतो. तिची दोन्ही टोके कुसवे होऊन समोरासमोरच्या खांबांत जातात, आणि दोन्ही भिंती ताठ उभ्या झाल्यावर ती आत घालण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. एक भिंत उभी करून तिच्यात तुळईचे एक टोक बसवायचे आणि दुसरी भिंत किंचित बाहेर कललेली असतानाच दुसरे टोक पकडून तिला जवळ आणायचे, एवढाच उपाय आहे. खऱ्या इमारतीत हे काम दोर, टेकू आणि पुष्कळ माणसे यांच्या बळावर होई.

येथून एक उपयोगी निदान हाती लागते. मजला मागाहून घातला असेल तर सुताराला ही सोय नसते. तो मग कडीचे एक टोक नेहमीप्रमाणे बसवतो आणि दुसऱ्या टोकासाठी लांबट, एका बाजूने उघडी खाच कापतो, म्हणजे कडी बाजूने सरकवत जागेवर नेता येते. जुन्या पबच्या छताखाली अशी लांबट खाच दिसली की तेथे पूर्वी उंच मोकळा दिवाणखाना असून मजला नंतर घातला गेला असण्याची दाट शक्यता असते. वरचे वासे चुलीच्या धुराने काळे झालेले सापडले तर मग खात्रीच होते.

१४ जुलै २०१८

सज्जा. रस्त्याकडे वरचा मजला पुढे काढण्याची इंग्लिश पद्धत सर्वांना परिचित आहे: कड्या खालच्या भिंतीच्या पुढे अर्धा मीटरभर जातात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या वजनाने कडीचे पुढचे टोक खाली दाबले जाते, मधला भाग उचलला जातो आणि त्यामुळे खोलीतील जमीन कमी लवते. मध्ययुगीन कड्या उंचीपेक्षा रुंदीला अधिक असत, आडव्या पालथ्या ठेवलेल्या, आणि त्या लवतातही बऱ्याच. त्यांना या उलट दाबाचा चांगलाच उपयोग होई. जेथे दोन बाजूंनी मजला पुढे येतो त्या कोपऱ्यावर कर्णरेषेत एक जाड तुळई टाकून दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात बसवतात आणि ती कोपऱ्याच्या खांबावर टेकते. न्यू इन लेनच्या तोंडाशी असलेल्या खांबासारख्या खांबांना एवढे महत्त्व असते ते यामुळेही.

सज्ज्यासाठी मात्र अर्धा मीटर पुरत नाही. सामान घेतलेले दोन लोक एकमेकांना ओलांडून जायचे तर किमान एक मीटर हवा, आणि सज्ज्याच्या कडेवर कठड्याखेरीज छपराचे टोकही येते. इतके अंतर कड्या अधांतरी पेलणार नाहीत. म्हणून माझ्या खणात कड्या खोलीच्या भिंतीवरून पुढे काढून त्यांची टोके अंगणातून वर येणाऱ्या खांबांवरील तुळईत बसवली आहेत आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना कमानदार तिरपे आधार दिले आहेत. आधारांसाठी नैसर्गिकरीत्या वाकलेली फांदी शोधून तिला मधोमध चिरले; दोन सारखे, आरशातल्यासारखे उलटसुलट आधार मिळतात.

खोलीची खिडकी बिनकाचेची ठेवली. चौकटीत चौकोनी लाकडी गज कर्णावर फिरवून बसवतात, म्हणजे त्यांची कड बाहेर येते. गज काळाच्या ओघात जातात, पण वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला पत्त्यातील चौकटच्या आकाराच्या खाचा राहतात आणि येथे खिडकी होती हे सांगतात.

४ ऑगस्ट २०१८

जवळजवळ प्रत्येक जुन्या पबमध्ये तुळया मोडलेल्या जहाजाच्या आहेत असे सांगितले जाते. रिकाम्या खाचा आणि निरुद्देश भोके दाखवून ते पटवून दिले जाते. समुद्रापासून कितीही दूर असलेल्या गावात ही कथा तितक्याच विश्वासाने चालते. जहाजाची लाकडे वाकलेली, जागोजाग भोके पाडलेली असतात आणि घराच्या चौकटीत ती क्वचितच बसतात. रिकामी खाच बहुधा त्याच इमारतीतील काढून टाकलेल्या भिंतीची असते, किंवा आधीच्या एखाद्या घराचे लाकूड पुन्हा वापरल्याची खूण असते. ओळीने असलेली लहान गोल भोके म्हणजे कुडाच्या काठ्यांची जागा. ही भोके बुजवून, वर रंग देऊन तुळई ‘नीट’ केली की खोलीचा इतिहास पुसला जातो. म्हणून प्रतिकृतीच्या एका खांबावर मुद्दाम काढून टाकलेल्या भिंतीच्या खाचा कोरल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांवरून ती भिंत परत रेखाटावी असा पाठ करता येईल.

काळ ठरवण्यासाठी वाढीच्या वलयांचीही मोजणी होते. तिच्यात सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे सालीलगतचे मऊ, फिकट लाकूड, जे भुंगा आधी खातो आणि दुरुस्ती करणारा आधी तासून टाकतो. ते सालीपर्यंत शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते, कधी ऋतूही. नसेल तर इंग्लंडमधील ओकमध्ये अशी वलये साधारण ९ ते ४१ असतात एवढ्या आधारावर अंदाजाचा पट्टाच देता येतो. किडलेली कड तासताना हे भान ठेवले पाहिजे.

२५ ऑगस्ट २०१८

तीन चौकटींत कूड भरला. वरच्या पट्टीत भोके आणि खालच्या पट्टीत सलग खोबण असते. काठीचे टोक वर घालायचे आणि खालचे टोक खोबणीतून सरकवत आणायचे. काठ्यांमधून हेझल या झुडपाच्या हिरव्या फांद्या विणल्या आणि चिकणमाती, शेण व चिरलेला पेंढा यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबला, म्हणजे तो विणीतून एकमेकांत गुंततो. वर चुन्याचा हात.

लाकूड काळे आणि भिंत पांढरी हा सर्वांच्या मनात ठसलेला रंगमेळ बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाच्या आवडीतून आला. त्यापूर्वी अनेक इमारतींत ओक उघडाच राहून रुपेरी करडा होई किंवा लाकडासकट सगळ्या भिंतीवर चुना फिरवला जाई. रंगाची आवड निरुपद्रवी म्हणून सोडता येईल, पण डांबरासारखा थर आणि त्याच्या जोडीला आलेला सिमेंटचा गिलावा सोडता येत नाही. कूड आणि चुना ओल घेतात व सोडतात. सिमेंट सोडत नाही. लाकूड आटल्यामुळे कडेला पडलेल्या बारीक फटीतून पाणी आत जाते, खालच्या पट्टीवर साचते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी तळपट्टी आतून भुसा होते. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली तेव्हापासून ‘नव्यासारखे करू नका, दुरुस्त करा’ असे सांगितले जात आहे, आणि लाकडी सांगाड्याच्या बाबतीत ते सर्वांत अधिक लागू पडते. कुजलेला तेवढाच भाग कापून त्या ठिकाणी ओकचा नवा तुकडा सांधला की उरलेला खांब, त्यावरची खूण आणि खुंटी जागेवर राहतात.

१५ सप्टेंबर २०१८

खण पूर्ण जुळवून झाला. ओले लाकूड उन्हाळ्यात बरेच आटले आहे. मागच्या भिंतीचा एक खांब स्पष्टपणे पिळला आहे आणि आडव्या तुळईला गाभ्यापर्यंत चीर गेली आहे. दोन्ही तसेच ठेवत आहे. सज्ज्याच्या बाजूची एक चौकट कुडाविना उघडी राहील, म्हणजे काठ्यांची भोके आणि खोबण दिसेल. प्रतिकृतीतील खुंट्या निमुळत्या पण सैल आहेत आणि मागून ढकलून काढता येतात; पूर्ण आकाराच्या सांध्यातील खुंट्या मात्र कायमच्या ठोकल्या आहेत, कारण सांध्याची ओढ तेथेच पाहायची आहे.

वर्गासाठी एकच नियम लिहून ठेवला आहे: सुटे करताना कोणतेही लाकूड जोराने ओढायचे नाही. ते निघत नसेल तर त्याच्या आधी दुसरे काहीतरी निघायला हवे, आणि ते कोणते हे खुणा वाचून शोधायचे. आडवी तुळई पहिली, तिच्या मागोमाग माथ्यावरच्या लांब तुळया, त्यानंतर सज्ज्याच्या कड्या, आणि मजल्याची मुख्य तुळई निघेल ती एक भिंत कलती धरल्यावरच.